लाइकली आणि प्रॉबेबल यांच्यामध्ये

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचे प्रकरण आले. त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला लाथा-बुक्क्यांनी मारले. ती खाली पडल्यावर त्याने तिच्या छातीवर गुडघा टेकवला आणि तोंडावर दोन-तीन ठोसे लगावले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती पोर मरण पावली. कोणी मारले, कसे मारले, मृत्यू कशाने झाला, याबद्दल शंका नव्हती. प्रश्न एकच होता : याला खून म्हणायचे की खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध?

भारतीय दंडसंहितेची २९९ आणि ३०० ही दोन कलमे इतकी सारखी दिसतात की घाईने वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळतच नाही. न्यायमूर्ती मेल्व्हिल यांनी ती शेजारी-शेजारी मांडली, शब्दासमोर शब्द ठेवला आणि जिथे ती वेगळी होतात तिथे बोट ठेवले. एखाद्या कृत्यातून मृत्यू ओढवणे नुसते ‘लाइकली’ असेल, तर तो सदोष मनुष्यवध. मृत्यू हाच ‘मोस्ट प्रॉबेबल’ परिणाम असेल, तर खून. गोविंदाचे कृत्य त्यांनी पहिल्या बाजूला टाकले. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे क्रमांक १०० आणि १०१ झाले, पण मधली रेघ होती तिथेच आहे.

आता नेहमीच्या वापरातला एखादा छोटा इंग्रजी कोश काढून ‘लाइकली’ पाहावा. अर्थ दिलेला असतो ‘प्रॉबेबल’. ‘प्रॉबेबल’ पाहावा, तर अर्थ ‘लाइकली’. ज्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत एका माणसाची फाशी किंवा जन्मठेप ठरू शकते, ते दोन शब्द कोश एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे करतो. जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखायचे हा या प्रस्तावनेचा विषय आहे आणि तो केवळ परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हे कौशल्य मराठी माणसाला नवे नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘मयत इसम’ असतो. वर्तमानपत्रात ‘ज्येष्ठ साहित्यिकांचे निधन’ होते. शेजारच्या आजींबद्दल ‘त्या परवा वारल्या’ असे सांगतात, निमंत्रितांना पाठवायच्या पत्रात ‘देवाज्ञा झाली’ छापतात, आणि माणसाबद्दल कोणी नुसते ‘मेला’ म्हटले तर ऐकणारा चमकून वर बघतो. घटना एकच, पण कोणी, कोणाबद्दल, कुठे बोलायचे यावर शब्द ठरतो. हा धडा कोणत्याही शाळेत झालेला नसतो. हजार वेळा कानावर पडून तो अंगवळणी पडलेला असतो. इंग्रजीतही ‘डाइड’, ‘पास्ड अवे’, ‘डिसीज्ड’, ‘डिमाइझ’ यांची अशीच वाटणी आहे. ‘डिसीज्ड’ हा तिथला ‘मयत’, ‘पास्ड अवे’ हा ‘वारला’. आपल्याकडच्या इस्पितळांत सर्रास वापरला जाणारा ‘एक्सपायर्ड’ मात्र आज लंडनमधल्या माणसाला पासपोर्टची किंवा औषधाची मुदत आठवून देतो. अडचण एवढीच, की इंग्रजीतले ते हजार प्रसंग आपल्या कानावरून गेलेले नसतात. मग शिकणारा कोशाच्या आधाराने चालतो, आणि कोश तर दोन शब्दांमध्ये ‘=’ असे चिन्ह टाकून ठेवतो.

इंग्रजीत असे जोडशेजारी इतके का साचले, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची जवळजवळ तीन शतके दरबार, कचेरी आणि कोर्ट फ्रेंच बोलत राहिले. खालच्या माणसांची भाषा इंग्रजीच राहिली. विद्वानांचे आणि चर्चचे लॅटिन होतेच. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन-तीन थरांतले शब्द मिळाले. विचारण्यासाठी देशी ‘आस्क’, फ्रेंचमधून आलेला ‘क्वेश्चन’, लॅटिनमधून उचललेला ‘इंटरॉगेट’. आई मुलाला आस्क करते, वकील साक्षीदाराला क्वेश्चन करतो, पोलीस संशयिताला इंटरॉगेट करतात. राजाशी नाते सांगणारे ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’ हेही असेच तीन थर. थर जितका वरचा, तितका शब्द औपचारिक आणि थोडा थंड, हे सूत्र पुष्कळ ठिकाणी लागू पडते. मराठी वाचकाला ते चटकन पटावे, कारण त्याच्या घरातही ‘नवरा’ आणि ‘पती’, ‘मदत’ आणि ‘साहाय्य’ वेगवेगळ्या दारांनी आलेले आहेत.

१३६२ साली इंग्लंडच्या संसदेने कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा केला. तरी देशी आणि परका शब्द जोडीने लिहिण्याची जुनी सवय दस्तऐवजांत राहून गेली. मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात, त्यात पहिला शब्द देशी आणि दुसरा लॅटिन कुळातला. इथे दोन शब्दांत फरक शोधायला जाऊ नये. ती जोडीच एक शब्द झाली आहे.

फरक सांगणारी पुस्तके लिहिण्याची चाल फ्रान्समधून आली. गाब्रिएल जिरार या धर्मगुरूने १७१८ मध्ये फ्रेंच समानार्थी शब्दांवर पुस्तक लिहिले आणि ते गाजले. १७६६ मध्ये जॉन ट्रस्लरने इंग्रजीसाठी तसाच उद्योग केला. १७९४ मध्ये हेस्टर पिओझी यांचे ‘ब्रिटिश सिनॉनिमी’ आले. या बाईंचे महत्त्व वेगळे आहे. त्या डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या निकटच्या वर्तुळातल्या. त्यांचे दुसरे पती इटालियन संगीतकार. परक्या भाषेतून इंग्रजीत आलेला हुशार माणूस नेमका कुठे ठेचकाळतो, हे त्यांनी रोजच्या जेवणाच्या टेबलावर पाहिलेले होते. पुस्तकही त्यांनी इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या परदेशी मित्रांना अर्पण केले. व्याख्या देण्याऐवजी त्या शब्दाला बैठकीच्या बोलण्यात आणून बसवतात. १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांनी मोठा ग्रंथ लिहिला, पण त्यांचा भर व्युत्पत्तीवर. शब्द मुळात लॅटिनमध्ये काय होता यावरून तो आज काय आहे हे ठरवायला गेले की गाडी हमखास रुळावरून घसरते. पिओझी बाईंचा मार्ग जास्त बरोबर होता.

मग आले पीटर मार्क रॉजे. पेशाने डॉक्टर, रॉयल सोसायटीचे दीर्घकाळ चिटणीस, गणिताची सरकपट्टी सुधारणारे संशोधक. १८०५ मध्ये त्यांनी स्वतःपुरती शब्दांची वर्गवार यादी केली आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ‘थिसॉरस’ छापले. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, कल्पनांच्या क्रमाने आहेत. आपल्याकडच्या वाचकाला लगेच अमरकोश आठवेल, आणि आठवण अस्थानी नाही. रॉजे यांनी आपल्या प्रस्तावनेच्या तळटीपेत अमरसिंहाच्या कोशाचा आणि १८०८ मध्ये सेरामपूरला छापलेल्या कोलब्रुकच्या इंग्रजी आवृत्तीचा उल्लेख केला आहे. त्यातली वर्गवारी, विशेषतः अमूर्त कल्पनांची, त्यांना फारच अपुरी आणि गोंधळाची वाटली. हा निवाडा अमरकोशावर अन्याय करणारा आहे. तो कोश पाठ करण्यासाठी रचलेला, काव्य करणाऱ्याच्या जिभेवर शब्द हजर राहावेत म्हणून. तत्त्वज्ञानाचे कप्पे पाडणे हे त्याचे कामच नव्हते.

पण थिसॉरस आणि अमरकोश यांचे एका बाबतीत जमते : दोघेही शब्द देतात, फरक सांगत नाहीत. ज्याला भाषा आधीच येते त्याला विसरलेला शब्द आठवून द्यावा, हा त्यांचा हेतू. शिकणाऱ्याने थिसॉरस हातात घेऊन निबंध सजवायला घेतला की ‘लार्ज मिस्टेक’सारखी वाक्ये जन्माला येतात. ‘बिग’, ‘लार्ज’, ‘ग्रेट’ हे तिघे मोठेच; पण चूक ‘बिग’ असते, संख्या ‘लार्ज’ असते आणि आनंद ‘ग्रेट’ असतो. का, याला तर्काचे उत्तर नाही. वापर तसा पडला आहे.

हा वापर मोजता येतो, हे विसाव्या शतकात ध्यानात आले. लंडनचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात आग्रहाने मांडले की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. त्यांचे शिष्य हॅलिडे यांनी पुढे चहाचे उदाहरण दिले : कडक चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, मोटारीला मात्र ‘पॉवरफुल’ शोभतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी खरोखर छापून आलेल्या आणि बोलल्या गेलेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरला, आणि त्यातून १९८७ मध्ये ‘कोबिल्ड’ कोश निघाला. असा साठा चाळला की व्याकरणाच्या पुस्तकांना कधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. ‘कॉज’ या क्रियापदाचा अर्थ ‘घडवून आणणे’ एवढाच; पण प्रत्यक्षात त्याच्यामागून येतात ते त्रास, नुकसान, अपघात, कर्करोग. चांगली गोष्ट पुरवायची असेल तर इंग्रजी माणूस ‘प्रोव्हाइड’कडे वळतो. ‘कॉज्ड हॅपिनेस’ हे व्याकरणात बसते, कानाला बसत नाही. मराठीतही ‘ओढवणे’ आणि ‘लाभणे’ यांची अशीच अबोल वाटणी आहे : संकट ओढवते, सहवास लाभतो.

चोरीच्या शब्दांत मराठी आणि इंग्रजी आश्चर्य वाटावे इतक्या जवळ येतात. ‘स्टील’ करायचे ते वस्तूला, ‘रॉब’ करायचे ते माणसाला किंवा बँकेला. पैसे चोरतात, सावकाराला लुटतात. हा फरक मराठी वाचकाला आयता मिळतो. फक्त तो ‘चोरणे’ आणि ‘लुटणे’ या जोडीला बांधून द्यायला हवा. कायद्याने त्यावर आणखी पायऱ्या चढवल्या. चोरीत बळाचा किंवा तत्काळ इजेच्या धाकाचा वापर झाला की ‘थेफ्ट’ची ‘रॉबरी’ होते, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की ‘डकॉइटी’. हा शेवटचा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच घेतला. बोलताना माणूस या तिन्हींची अदलाबदल करतो. फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराला ती मुभा नसते.

एखादा व्यवसाय, एखादे शास्त्र दोन सैल शब्द उचलते आणि त्यांना घट्ट करते, हे वारंवार घडलेले दिसते. ‘फॉग’ आणि ‘मिस्ट’ दोन्हींना मराठीत धुके. कवी त्यांत छटांचा फरक करील. हवामानखाते मीटरमध्ये करते. एक हजार मीटरच्या आतले दिसेनासे झाले की फॉग, त्याच्या पुढचे थोडेफार दिसत असेल तर मिस्ट. पन्नास मीटरच्या आतलेही दिसेनासे झाले की तेच फॉग अतिदाट ठरते. धूळ, धूर यांच्या कोरड्या कणांनी हवा मळकट झाली, तर शब्द बदलून ‘हेझ’ होतो. हिवाळ्यात पहाटेची विमाने का खोळंबली याची घोषणा होते तेव्हा प्रवाशाला तिन्ही शब्द सारखेच त्रासदायक. वैमानिकाला मात्र त्यांतल्या एकावर उतरायचे की परत फिरायचे हे ठरवावे लागते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर ‘होम क्वारंटाइन्ड’ असा शाईचा शिक्का मारला जाऊ लागला, आणि एक वैद्यकीय जोडी घराघरात पोचली. आजारी ठरलेल्याला वेगळे ठेवणे ते ‘आयसोलेशन’. आजारी नसलेल्या, पण संसर्ग झालेला असू शकेल अशाला वेगळे ठेवणे ते ‘क्वारंटाइन’. मराठी बातम्यांत दोन्हींना बहुधा ‘विलगीकरण’ हा एकच शब्द पडला. त्याचा परिणाम किरकोळ नव्हता. शिक्का असलेल्या धडधाकट माणसाला शेजारपाजारचे लोक रोगी समजून वागवू लागले. शब्दांतली ही सीमा जर पहिल्याच आठवड्यात सर्वांना समजावून सांगितली गेली असती, तर बरीच माणसे नाहक दुखावली गेली नसती.

शब्दांतली अशी सीमा न्यायालयांनाही आखावी लागते. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘टॅक्स’ आणि ‘फी’ यांच्यातला फरक शिरूर मठाच्या प्रकरणात बारकाईने उलगडला : कर सर्वांच्या सामायिक खर्चासाठी सक्तीने घेतला जातो, फी एखाद्या विशिष्ट सेवेच्या खर्चापोटी. त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यासांकडून घेतल्या जाणाऱ्या अंशदानाबद्दल रतिलाल गांधी यांचे प्रकरण आले. हे अंशदान कर ठरले असते, तर राज्याला ते बसवण्याचा अधिकारच राहिला नसता. न्यायालयाने ती फी ठरवली.

कोर्टकचेऱ्या सोडून घरात आले तरी वाट सोपी होत नाही. इंग्रजी नीट येणारा पुण्याचा माणूसही रजेच्या अर्जात ‘माय कझिन्स मॅरेज’ असे लिहितो. इंग्लंडमधल्या वरिष्ठाला ते थोडे विचित्र वाटते, कारण त्याच्या भाषेत अक्षता पडतात तो समारंभ ‘वेडिंग’, आणि त्यानंतर पन्नास वर्षे चालते ते ‘मॅरेज’. वेडिंगला पाहुणे जातात. मॅरेज दोघांचे दोघांनी निभवायचे. मराठीत ‘लग्नाला चाललोय’ आणि ‘त्यांच्या लग्नाला तीस वर्षे झाली’ या दोन्हींत लग्नच असते, म्हणून चूक होते आणि ती होणे अगदी साहजिक आहे. ‘डाउट’चेही तसेच. ‘सर, डाउट आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिकवणीच्या वर्गात रोज उच्चारले जाते. त्यामागे आपली ‘शंका’ उभी आहे, जिच्यात प्रश्न आणि संशय दोन्ही मावतात. इंग्रजी ‘डाउट’मध्ये मुख्यतः अविश्वास आहे. परदेशी प्राध्यापकासमोर हेच वाक्य म्हटले, तर त्याला वाटते की विद्यार्थ्याला आपले म्हणणे पटलेले नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावे.

अशा जोड्यांची मुळे मराठीत शोधली की निम्मे काम होते. जिथे मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन, तिथे घसरण ठरलेली. सावली : झाडाखाली बसायचे ते ‘शेड’, भिंतीवर माणसाची पडते ती ‘शॅडो’. ऐकणे : कानावर पडले ते ‘हिअर’, लक्ष देऊन ऐकले ते ‘लिसन’. उंच : माणूस आणि झाड ‘टॉल’, डोंगर आणि कुंपण ‘हाय’. पाहणे तर तिघांत वाटले गेले आहे : दिसले ते ‘सी’, मुद्दाम नजर वळवली ती ‘लुक’, चालू असलेली गोष्ट टक लावून पाहिली ती ‘वॉच’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना हा मार्ग ओळखीचा वाटेल. मराठी वाक्य आधी, इंग्रजी नंतर. पुढे इंग्रजी माध्यमाचा जोर वाढला आणि मराठीचा आधार घेणे कमीपणाचे मानले जाऊ लागले. त्यात शिकणाऱ्याचे नुकसान झाले. ज्याला ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ यांतला फरक क्षणात कळतो, त्याच्याकडे छटा ओळखणारे यंत्र तयारच आहे.

काही जोड्यांत अर्थ तोच, पण बोलणाऱ्याचा कल वेगळा. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात हे फार छान दाखवून दिले. एकाच स्वभावाला माणूस स्वतःबद्दल बोलताना ‘फर्म’ म्हणतो, समोरच्याला ‘ऑब्स्टिनेट’ आणि पाठीमागे तिसऱ्याला ‘पिगहेडेड’. ठाम, हट्टी, हेकट. ‘स्लिम’, ‘थिन’, ‘स्किनी’ यांची उतरंडही अशीच. बातमी वाचताना असे शब्द नीट पाहावेत, कारण मत बहुधा विशेषणातून आत शिरते. कधी नामातूनही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये आपल्या पानांवरून ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द हद्दपार करायचे जाहीर केले, कारण त्या शब्दात ‘टाळता आले नसते’ असे गृहीत धरलेले असते आणि बहुतेक दुखापती टाळता येण्याजोग्या असतात. मराठी ‘अपघाता’तही तेच दैव लपलेले आहे.

उलट बाजूने एक सावधगिरी. फरक सांगायचाच म्हणून फरक निर्माण करू नये. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम शाळेत ठासून शिकवतात. त्याचा उगम रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये व्यक्त केलेल्या एका वैयक्तिक पसंतीत आहे, आणि त्याआधी कित्येक शतके चांगले लेखक ‘लेस’ दोन्हीकडे वापरत होते. दोघांत ‘बिट्वीन’ आणि दोहोंहून अधिकांत ‘अमंग’, हाही असाच अर्धवट नियम. तीन देशांतला करार ‘बिट्वीन’च असतो. ‘शट’ आणि ‘क्लोज’ बहुतेक वाक्यांत एकमेकांच्या जागी बिनधास्त जातात. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ही जातात, फक्त इंजिन ‘बिगिन’ होत नाही. असे एक अडलेले उदाहरण सापडणे हे दहा व्याख्यांपेक्षा उपयोगी. म्हणून जोडी तपासताना तीन गोष्टी कराव्यात : एका शब्दाच्या जागी दुसरा घालून पाहावा, विरुद्धार्थी शब्द बदलतो का ते पाहावे, आणि कोण कोणाशी बोलत आहे हे विचारावे. ‘ओल्ड’च्या उलट कधी ‘यंग’ येतो, कधी ‘न्यू’. ‘एन्शंट’ला यांतला पहिला चालत नाही, यावरून दोघांची हद्द दिसते.

शेवटी देशादेशांचा प्रश्न राहतो, आणि तो दिवसेंदिवस वाढतो आहे. ब्रिटनमध्ये ‘शॉप’ आणि अमेरिकेत ‘स्टोअर’, इकडे ‘हॉलिडे’ आणि तिकडे ‘व्हेकेशन’, हे कोणालाही पटकन कळते. ‘फेअरली’, ‘रादर’, ‘प्रिटी’, ‘क्वाइट’ हे लहान शब्द जास्त फसवतात. अमेरिकन वरिष्ठाने कामावर ‘क्वाइट गुड’ असा शेरा दिला तर ती मनापासूनची शाबासकी असते. तोच शेरा लंडनहून आला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ठीक आहे, आणखी चांगले होऊ शकले असते’ एवढाच निघतो. हिंजवडीतल्या एखाद्या कचेरीत हे दोन्ही शेरे एकाच सकाळी, एकाच अहवालावर येऊ शकतात, आणि दुरुस्ती कोणासाठी करायची हे तिथे बसलेल्या मुलीला ठरवावे लागते.